खोक्यावरचा आकडा आणि आतला राक्षस

मूल गेमचं खोकं घेऊन येतं आणि विचारतं, "हा घेऊ का?" खोक्यावर तलवार उगारलेला एक पोरगा, त्याच्या मागे ड्रॅगन, वर ढगांत तरंगणारा किल्ला. खालच्या कोपऱ्यात छोटा चौकोन आणि त्यात एक आकडा. आपण तो आकडा बघतो, मुलाच्या वयाशी ताडून पाहतो आणि हो किंवा नाही म्हणून मोकळे होतो.

आकडा बघायलाच हवा, त्यात वाद नाही. पण मुलांच्या खांद्यावरून डोकावत हे फँटसी गेम, म्हणजे जादू-राक्षसांच्या काल्पनिक जगातले गेम, बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय. गेममध्ये काय दिसतं एवढंच तो आकडा सांगतो. गेम मुलाकडून काय मागतो हे त्याच्या कक्षेत येतच नाही. रक्त किती दिसतं, शिव्या आहेत का, कुणी दारू पितं का, हे त्या चौकोनातून कळतं. किती वाचावं लागतं, हरलं की काय हातचं जातं, मध्येच उठता येतं का, कुठल्या वळणावर पैसे मागितले जातात, हे कळत नाही. आणि घरातली भांडणं, रात्रीचं दचकून उठणं, जेवणाच्या वेळची रडारड ही बहुतेक या दुसऱ्या गोष्टींमुळेच होते.

हातात धरून खेळायच्या यंत्रावर हा प्रश्न आणखी अवघड होतो. टीव्हीवर मूल खेळत असलं तर येता-जाता आपल्याला दिसतं, निदान कानावर तरी पडतं. हातातलं यंत्र मांडीवर असतं, पडदा मुलाच्या तोंडाकडे, कानात हेडफोन. १९८९ साली गेम बॉय हे हातातलं यंत्र आलं तेव्हापासून हे असंच चालत आलंय. यंत्र चिमुकलं, पण त्यातल्या जगात मूल एकटं.

हा आकडा येतो कुठून

१९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावण्या झाल्या. सरकारने कायदा करण्याआधी गेम उद्योगाने स्वतःच १९९४ मध्ये ईएसआरबी ही गेमचा वयोगट ठरवणारी संस्था उभी केली. जपानमध्ये २००२ साली अशीच सेरो ही संस्था आली, युरोपात २००३ पासून पेगीचे आकडे छापले जाऊ लागले. ईएसआरबी अक्षरं वापरते: 'ई' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ई १०+' म्हणजे दहा वर्षांपुढे, 'टी' म्हणजे तेरापुढे, 'एम' म्हणजे सतरापुढे. पेगीचे सरळ आकडे आहेत: ३, ७, १२, १६ आणि १८.

ईएसआरबीच्या पद्धतीत प्रकाशक एक लांबलचक प्रश्नावली भरतो आणि गेममधले सगळ्यात तीव्र प्रसंग चित्रफितीत घालून पाठवतो. परीक्षक ते पाहून निर्णय देतात. चाळीस-पन्नास तास चालणारा फँटसी गेम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणी खेळून पाहत नाही, आणि तशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. पेगी तर स्पष्टच म्हणते की आमचा आकडा आशयाचा आहे, अवघडपणाचा नाही. बुद्धिबळाच्या पटावर रक्ताचा थेंब नसतो, त्यामुळे बुद्धिबळाचा गेम ३ च्या खान्यात बसतो. म्हणून तीन वर्षांच्या मुलाने बुद्धिबळ खेळावं असं कुणी म्हणत नाही.

आकडा किती सापेक्ष असतो हे पाहायचं तर २०१७ चा 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' घ्या. स्विच या हातातल्या यंत्रावरचा हा अतिशय गाजलेला फँटसी गेम. अमेरिकेत तो दहापुढच्यांसाठी, युरोपात आणि जपानमध्ये बारापुढच्यांसाठी. गेम तोच, मोजपट्टी वेगळी. याच मालिकेतला 'मेजोराज मास्क' २००० साली आला तेव्हा अमेरिकेत त्याला 'ई' मिळाला, म्हणजे सगळ्यांसाठी. २०१५ मध्ये तोच गेम थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावर नव्याने आला तेव्हा 'ई १०+' झाला. मधल्या काळात, २००५ मध्ये, 'ई १०+' हा वर्गच नवीन तयार झाला होता. तेव्हा जुन्या गेमवर 'सगळ्यांसाठी' असं दिसलं तर तो गेम २००५ च्या आधीचा आहे का, हे आधी बघा. त्या काळी सहा वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल एकाच खान्यात बसवलं जायचं.

आकड्याशेजारी बारीक अक्षरांत काही शब्द असतात. मला ते आकड्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतात. 'फँटसी हिंसा', 'भीती', 'जुगार', 'दारूचा वापर', 'गेममधली खरेदी' असे ते शब्द. ईएसआरबीच्या संकेतस्थळावर तर बऱ्याच गेमबद्दल एक परिच्छेदभर वर्णन असतं: कुठली शस्त्रं आहेत, मार लागल्यावर काय दिसतं, कुठला संवाद खटकू शकतो. पाच मिनिटांचं वाचन आहे, आणि दुकानातल्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा प्रामाणिक आहे.

राक्षस मेल्यावर काय होतं

'फँटसी हिंसा' म्हणजे अशी हिंसा, जी खऱ्या आयुष्यातली नाही हे बघताक्षणी कळतं. पेगीची उतरंड इथे समजून घेण्यासारखी आहे. अवास्तव, चित्रातल्यासारखी हाणामारी ७ मध्ये चालते. काल्पनिक प्राण्यांवरची थोडी जास्त स्पष्ट हिंसा, किंवा माणसासारख्या दिसणाऱ्या पात्रांवरची अवास्तव हिंसा १२ मध्ये जाते. हिंसा खऱ्यासारखी दिसू लागली की १६. म्हणजे समोर कोण आहे आणि मार किती खरा वाटतो, हे दोन प्रश्न एकत्र विचारले जातात. घरीही हेच दोन प्रश्न विचारता येतात.

मी त्यात तिसरा घालतो: शत्रू पडल्यावर गेम काय करतो? काही गेममध्ये राक्षस धुराचा लोट होऊन नाहीसा होतो. काहींत तो पडला की नाण्यांचा पाऊस पडतो आणि मूल धावत जाऊन ती गोळा करतं. काहींत प्रेत तिथेच पडून राहतं. तीनही ठिकाणी आकडा एकच असू शकतो, पण अनुभव सारखा नसतो.

फँटसी गेममधलं मारणं बरंचसं आकड्यांचं असतं. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळाने प्रत्येक पात्राला जीवनगुण दिले, अनुभवाचे गुण दिले, पातळ्या दिल्या. तलवार लागली की जीवनगुणांतून काही वजा, शून्य झाले की खेळ खलास. आजचे बहुतेक फँटसी गेम याच हिशेबावर चालतात. आपली पाळी, मग शत्रूची पाळी, अशा पद्धतीच्या गेममध्ये तर लढाई जवळजवळ पत्त्यांच्या डावासारखी वाटते. मुलं त्यात बेरीज-वजाबाकी करतात, कुठलं अस्त्र कुणावर चालतं ते पाठ करतात. यात वाईट काही नाही. उलट पुष्कळ चांगलं आहे.

पोकेमॉनचं उदाहरण बघा. १९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर सुरू झालेल्या या मालिकेत हरलेला प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो. उपचार केंद्रात नेला की पुन्हा ताजातवाना. लहान मुलांसाठी ही फार समंजस रचना आहे. पण त्याच पहिल्या गेममध्ये एक मनोरा आहे, जो मेलेल्या पोकेमॉनचं दफनस्थान आहे. तिथे एका मारल्या गेलेल्या आईचं भूत भेटतं, जी आपल्या पिल्लासाठी अडकून राहिली आहे. सात वर्षांच्या मुलाला लढाया अजिबात भिववत नाहीत आणि या मनोऱ्यापाशी ते थबकतं, असं होऊ शकतं. खोक्यावर त्याची खूण नसते.

'फायर एम्ब्लेम' मालिकेत गोष्ट आणखी गंभीर होते. तिथे तुमच्या तुकडीतला सैनिक लढाईत पडला तर पारंपरिक पद्धतीत तो कायमचा गेला. त्याचं नाव, त्याचे संवाद, इतरांशी जुळलेली मैत्री, सगळं गेलं. थ्रीडीएसवरच्या 'फायर एम्ब्लेम: अवेकनिंग'मध्ये सुरुवातीलाच एक सौम्य पर्याय निवडता येतो, ज्यात पडलेला सैनिक पुढच्या लढाईत परत येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कायमच्या हानीचा खेळ खूप काही शिकवून जाईल. दहा वर्षांचं मूल मात्र एका सैनिकासाठी तोच धडा चार-चार वेळा पुन्हा खेळत बसेल, रडकुंडीला येईल, आणि आपल्याला वाटेल की याला गेमचं वेड लागलंय. खरं तर त्याला कुणाला तरी वाचवायचं असतं. तो सौम्य पर्याय कुठे आहे ते आधी शोधून ठेवा.

'अंडरटेल' हा गेम, जो २०१८ पासून स्विचवरही मिळतो, याच्या बरोबर उलट्या बाजूने जातो. त्यात समोर आलेल्या प्रत्येक राक्षसाशी बोलून, त्याला हसवून, समजावून, न मारता पुढे जाता येतं. मारलंत तर गेम ते लक्षात ठेवतो. तरी तो सरसकट लहानांचा गेम नाही. शेवटाकडे एक असा प्रसंग येतो की पडदा विद्रूप होतो आणि मोठ्या माणसालाही धसका बसतो. दयेचा धडा आणि भीतीचा प्रसंग एकाच खोक्यात असू शकतात.

हिंसक गेममुळे मूल हिंसक होतं का, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली: हिंसक गेम आणि खरी हिंसक कृत्यं यांच्यात कार्यकारण संबंध आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही, मात्र ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी छोटा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. घरात याचा अर्थ असा की मूल गुंड होईल या धास्तीने झोप उडवून घेऊ नका, पण खेळून उठल्यावर अर्धा तास मूल कसं वागतं याकडे लक्ष असू द्या.

भीती वयाबरोबर बदलते

लहान मूल दिसण्याला घाबरतं. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी कुरूप पण प्रेमळ राक्षस हा देखण्या पण कपटी राजापेक्षा जास्त भयंकर असतो. नऊ-दहाच्या पुढे गणित फिरतं. तेव्हा मूल घडू शकणाऱ्या गोष्टीला घाबरतं: आई-वडील गमावणं, हरवणं, आपल्या चुकीमुळे कुणाचं वाईट होणं. म्हणून "अजून लहान आहे, त्याला काय कळतंय" आणि "आता मोठी झाली, तिला काय होतंय" ही दोन्ही वाक्यं फसवी आहेत.

मघाशी उल्लेख केलेल्या 'मेजोराज मास्क'मध्ये आकाशात भेसूर चेहऱ्याचा चंद्र आहे आणि तो तीन दिवसांत गावावर कोसळणार आहे. घड्याळ सतत चालू. गावातली माणसं एकेक करून हे मान्य करत जातात. लहानांना चंद्राचा चेहरा भिववतो, मोठ्यांना ते घड्याळ. मला हा गेम मनापासून आवडतो, आणि त्याच कारणाने आठ वर्षांच्या मुलाच्या हातात तो एकट्याने द्यायला मी तयार नाही.

'नी नो कुनी' या गेमची पहिली आवृत्ती २०१० साली जपानमध्ये डीएस या हातातल्या यंत्रावर आली, नंतर त्याचं दुसरं रूप स्विचवरही आलं. त्याची ओळख सगळीकडे एक सुंदर, रंगीत, स्टुडिओ जिबली या जपानी ॲनिमेशन संस्थेने चित्रं सजीव केलेली परीकथा अशी होते. आणि ती तशी आहेच. पण गोष्ट सुरू होते ती बुडणाऱ्या मुलाला वाचवल्यानंतर त्याची आई मरते तिथून. मुलाच्या अश्रूंमधून एक बाहुलं जिवंत होतं आणि आईला परत आणता येईल या आशेने तो दुसऱ्या जगात जातो. ज्या घरात नुकताच मृत्यू झालाय तिथे हा गेम औषध ठरू शकतो किंवा जखमेवरची खपली काढू शकतो. कुठलीही संस्था हे तुमच्यासाठी ठरवू शकत नाही, कारण तिला तुमचं घर माहीत नाही.

जादू, मंत्र, भुतं यांबद्दल काही घरांत धार्मिक कारणाने आक्षेप असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वरून मोठं काहूर उठलं होतं की याने मुलं सैतानाच्या नादी लागतील. तसं काही झालं नाही. तरीही घराची श्रद्धा हा खरा विषय आहे. तो मुलाशी मोकळेपणाने बोलावा, खोक्यावरच्या आकड्याआड लपवू नये.

"थांब, सेव्ह करतो!"

हा भाग मी मुद्दाम लांबवतोय, कारण घरोघरचं रोजचं भांडण इथे आहे.

जेवायला हाक मारली. मूल म्हणतं, "पाच मिनिटं." पाच मिनिटांनी पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा आपण यंत्र हिसकावून घेतो आणि मूल असं आक्रंदतं की जणू कुणी त्याचं बोट कापलं. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. पण बरेच फँटसी गेम कुठेही जतन होत नाहीत. ठरावीक जागी पोचावं लागतं: एखादा दगड, एखादं मंदिर, सराईतला पलंग. त्या जागेच्या आधी बंद केलं तर मधली चाळीस मिनिटं पाण्यात. मुलाचं रडणं त्या चाळीस मिनिटांसाठी असतं.

म्हणून गेम निवडताना एक प्रश्न हमखास विचारा: यात कुठेही सेव्ह करता येतं का? येत असेल तर तो गेम घराला पुष्कळ सोपा जातो. नसेल तर दोन सेव्हच्या जागांमध्ये साधारण किती वेळ जातो ते विचारा. आजची यंत्रं बटण दाबून झोपवता येतात आणि उठवल्यावर गेम जिथे होता तिथूनच सुरू होतो, त्यामुळे एकट्याने खेळायच्या गेममध्ये ही अडचण बरीच कमी झालीय. ऑनलाइन इतरांबरोबर चाललेला सामना मात्र झोपवता येत नाही, तिथे उठून गेलं की संघ अर्ध्यावर पडतो. वेळेचा नियम ठरवताना "आठ वाजता बंद" यापेक्षा "आठनंतर येणाऱ्या पहिल्या सेव्हला बंद" हा नियम जास्त टिकतो. मुलाला तो न्याय्य वाटतो, आणि न्याय्य वाटलेला नियम मूल बऱ्याच वेळा पाळतं.

स्विचबरोबर पालकांसाठी फोनवरचं एक ॲप आहे. त्यात रोजचा वेळ ठरवता येतो. वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की गेम थांबवूनच टाकायचा, हेही निवडता येतं. मी सुरुवात नुसत्या सूचनेने करायला सांगेन. यंत्राने मध्येच गळा दाबला की मूल यंत्राशी भांडत नाही, आपल्याशी भांडतं.

एका घरात दोन भावंडं असतील तर आणखी एक गोष्ट. गेम बॉयवरच्या पोकेमॉनच्या मुख्य गेममध्ये एका काडतुसावर, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या डबीवर, एकच प्रवास जतन होतो. धाकटीने उत्साहाने नवा खेळ सुरू करून जतन केला तर थोरल्याचे साठ तास पुसले जातात. ते दुःख खरं असतं, त्याला "एवढं काय त्यात" म्हणू नका. स्विचवर प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, ते पहिल्या दिवशीच करून ठेवावं.

वाचनाबद्दल थोडक्यात: या प्रकारच्या जुन्या गेममध्ये आवाज नसतो, सगळे संवाद वाचायचे. ज्याला अजून सलग वाचता येत नाही ते मूल दर दोन मिनिटांनी "इथे काय लिहिलंय?" विचारणार. तुम्हाला शेजारी बसायची हौस असेल तर यासारखा आनंद नाही. नसेल तर वाचायला येईपर्यंत थांबा.

पैसे कुठे मागतात

एकदा विकत घेऊन संपणारा गेम आणि फुकट उतरवता येणारा गेम या दोन वेगळ्या जाती आहेत, चित्रं कितीही सारखी दिसोत. पहिल्याचं काम तुम्ही घेतलात तिथे झालं. दुसऱ्याचं काम तिथे सुरू होतं. आणि आज मुलांच्या हातातलं सगळ्यात मोठं गेमिंग यंत्र म्हणजे फोन, जिथे दुसरी जातच जास्त भेटते.

फुकटच्या फँटसी गेममध्ये 'गाचा' नावाची रचना असते. नाणं टाकून मूठ फिरवली की खेळण्याचा गोळा बाहेर पडतो, त्या जपानी यंत्रांवरून हे नाव आलं. इथे गोळ्याऐवजी योद्धा, तलवार किंवा जादूगार मिळतो. कुठला मिळेल ते नशिबावर. समजा हवा तो योद्धा मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलाला वाटतं, शंभर वेळा फिरवलं की मिळणारच. तसं नसतं. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर वेळा फिरवलं तर त्यातल्या सुमारे ३७ जणांच्या हाती तो योद्धा लागलेलाच नसेल. दरवेळी शक्यता नव्याने तीच, आधीच्या अपयशाची आठवण नशिबाला नसते. काही गेम ठरावीक फेऱ्यांनंतर बक्षीस द्यायची हमी देतात, पण ती हमीच मुलाला "आता थोडंच राहिलंय" म्हणून पुढे ओढते.

शिवाय पैसे सरळ जात नाहीत. आधी पैशांचे हिरे होतात, हिऱ्यांचे स्फटिक, स्फटिकांच्या फेऱ्या. एका फेरीला खरे किती पैसे पडले हे मोठ्यांनाही कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय कळत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने 'गेनशिन इम्पॅक्ट' या लोकप्रिय फँटसी गेमच्या कंपनीवरच्या कारवाईत याच गुंतागुंतीवर बोट ठेवलं. कंपनीने दोन कोटी डॉलर भरायचं आणि पालकांच्या संमतीशिवाय सोळाखालच्या मुलांना अशा नशिबाच्या पेट्या विकायच्या नाहीत हे मान्य केलं. बेल्जियमने तर २०१८ मध्येच पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं होतं. त्यानंतर 'फायर एम्ब्लेम हीरोज' हा फोनवरचा गेम त्या देशातून काढून घेण्यात आला. जपाननेही २०१२ मध्ये गाचाचा एक विशेष लबाड प्रकार बंद केला, ज्यात नशिबाने मिळालेल्या वस्तूंचा संच पूर्ण झाला तरच मोठं बक्षीस मिळायचं.

ईएसआरबी २०२० पासून अशा गेमवर वेगळी खूण छापते की खरेदी आहे आणि ती नशिबाच्या वस्तूंची आहे. ती खूण दिसली तर बारापर्यंतच्या मुलासाठी माझं उत्तर 'नाही' आहे, मग गेमचं जग कितीही देखणं असो. द्यायचाच असेल तर खरेदीला पासवर्ड, आणि फोनमध्ये कार्ड जोडलेलं नको.

खेळातला खोटा जुगार हा वेगळा मुद्दा. सुरुवातीच्या पोकेमॉन गेममध्ये एक जुगारघर होतं. खरे पैसे लागत नसत, पण फिरत्या चक्रांची यंत्रं तीच. २०१० मध्ये जपानबाहेर आलेल्या 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर'मध्ये ती यंत्रं काढून तिथे पत्ते उलटायचं एक तर्ककोडं ठेवलं गेलं. म्हणजे बनवणाऱ्यांनाही तो मुद्दा पटवून घ्यावा लागला.

अनोळखी माणूस

थ्रीडीएसमध्ये चित्रं आणि चिठ्ठ्या पाठवायचं एक गोजिरवाणं साधन होतं, 'स्वॉपनोट' नावाचं. मित्र जोडायला दोघांनी एकमेकांचे सांकेतिक क्रमांक द्यावे लागत, म्हणजे ओळखीतलेच लोक येतील अशी कल्पना. मुलांनी ते क्रमांक इंटरनेटवर उघड टाकले. आक्षेपार्ह चित्रं फिरू लागली. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर हे यंत्र बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने इंटरनेटवरून चिठ्ठ्या पाठवण्याची सोयच बंद केली. गेम निष्पाप होता, साधन निष्पाप होतं, दार मात्र उघडं होतं.

म्हणून प्रत्येक गेमबद्दल विचारायचं: यात दुसरं कोणी बोलू शकतं का? बोलू शकत असेल तर लेखी, आवाजी की ठरलेल्या चार-सहा वाक्यांपुरतं? ठरलेली वाक्यं असलेला गेम लहानांसाठी पुष्कळ सुरक्षित. यंत्राच्या पालक-नियंत्रणात संभाषण पूर्ण बंद करता येतं. आणि ज्यांच्याकडे जुना थ्रीडीएस पडून आहे त्यांच्यासाठी: त्याची ऑनलाइन खेळण्याची सेवा २०२४ च्या एप्रिलमध्ये थांबली. आता तो जवळजवळ बंद खोलीसारखा आहे. लहान मुलाच्या पहिल्या यंत्रासाठी हा मला गुणच वाटतो. फक्त त्याचा त्रिमितीय पडदा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी वापरू नये असं निर्मात्यांचंच सांगणं होतं, ती सोय बंद करून ठेवा.

शरीराचंही थोडं बोलायला हवं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवरच्या पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा झगमगाट झाला आणि सुमारे सातशे जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. जादूच्या गेममध्ये विजा आणि स्फोट असतातच. घरात कुणाला फेफरं येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बाकीच्यांनीही अंधारात, नाकाला चिकटवून खेळू नये. हेडफोनचा आवाज आपण कानाला लावून तपासावा.

किती वेळ हा प्रश्न उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघणं दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको असं २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत स्वीकारला गेला. पण त्याची व्याख्या नीट वाचा: खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा खेळाला अग्रक्रम, नुकसान होऊनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. सुट्टीत एका गेमच्या नादात बुडालेलं मूल आजारी नसतं.

एक तास शेजारी

विकत घेण्याआधी एखाद्या खेळाडूने खेळताना टिपलेला लांब व्हिडिओ बघा. जाहिरातीचा तुकडा नको. आणि सुरुवातीची दहा मिनिटं बघून थांबू नका. फँटसी गेम हसतखेळत सुरू होतात आणि पुढे अंधारत जातात, तीच या कथांची रीत आहे. मधली दहा मिनिटं बघा, शेवटच्या राक्षसाची लढाई बघा. गोष्टीचा शेवट आपल्याला आधी कळला तर बिघडत नाही, मुलाला सांगू नका म्हणजे झालं.

घेतल्यावर पहिला तास शेजारी बसा. स्विचसारखं यंत्र टीव्हीला जोडता येत असेल तर पहिले काही दिवस तिथेच खेळू द्या, म्हणजे ते जग मांडीवरून दिवाणखान्यात येतं. परीक्षकासारखं बसू नका. "हा कोण? तुझ्या बाजूचा आहे का? याला का मारायचं?" असं विचारा. मुलं यावर भरभरून बोलतात. ज्या मुलाला "राक्षस वाईट आहे कारण त्याने गाव जाळलं" असं सांगता येतं, ते गोष्ट खेळतंय. ज्याला फक्त "मारलं की मिळतं" एवढंच सांगता येतं, त्याच्याबरोबर आणखी काही तास बसायला हवं.

आणि कधी कधी लक्षात येतं की आपण घाई केली. मूल रात्री दिवा चालू ठेवायला सांगतं, किंवा त्या एका गुहेपाशी आलं की यंत्र खाली ठेवतं. अशा वेळी शिक्षा केल्यासारखं काढून घेऊ नका. "हा आपण नंतर खेळू" एवढं म्हणा, काडतूस मुलाच्या समोर खणात ठेवा आणि सेव्ह पुसू नका. दीड-दोन वर्षांनी ते मूल स्वतःच खण उघडेल, आणि गेम त्याच गुहेच्या तोंडाशी सुरू होईल.